शेवटचा हात

मंगळवार, ४ मार्च

चिंधीची चौघडी रेडिएटरच्या झाकणावर दाबून धरली आणि अर्धाच आटा सोडला. फुस्स! तोंड बाजूला होतं म्हणून निभावलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तपकिरी शिंतोडे. बाबा मागून म्हणाले, "घाई." एवढंच. केली घाई, कबूल. पण एकाच तक्रारीसाठी तिसऱ्यांदा परत आलेली मोटरसायकल समोर असल्यावर कोण स्वस्थ बसेल?

गाडी गुरांच्या डॉक्टरची. बाई माझ्याच वयाच्या. आठवड्यातून दोनदा डोंगरावरच्या गोठ्यांची फेरी. खाली गावात गाडी दिवसभर हिंडते, काही होत नाही. मोठा चढ लागला की वीस मिनिटांत तापमानाच्या पाचही पट्ट्या पेटतात, लाल दिवा लागतो आणि डॉक्टर रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहतात. दोनदा बाबांनी तपासून, हात लावून, 'ठीक' म्हणून पाठवली. दोनदा ती वर जाऊन उकळली.

आतलं सगळं पाणी काढलं. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, हिरवं असतं. हे कोऱ्या चहासारखं, तळाशी गाळ. गाडी जुनी घेतलेली, आधीच्या मालकाने तिला काय काय पाजलंय कोण जाणे. धुऊन नवं भरलं.

मग बाबांनी पान्यांची पेटी पायाने माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "ही तुझी. बरी करून दाखव, मास्तरीणबाई. केलीस तर यापुढे शेवटचा हात तुझा."

हे लिहिताना पेन घसरतंय. शेवटचा हात! त्याशिवाय आमच्या गॅरेजातून गाडी बाहेर जात नाही. काम झालं की बाबा गाडी बाजारामागच्या छोट्या चढावर फिरवून आणतात, इंजिन बंद करतात, आणि थंड झालेलं पाणी ज्यातून परत येतं त्या खालच्या पाइपवर तळवा ठेवून मोजतात. पाचापर्यंत टिकला तर गाडी बरी. आधीच काढावा लागला तर गाडी परत आत. मग दोन्ही चाकांच्या मध्यावर हात, ब्रेक घासून तापतोय का ते बघायला. चाळीस वर्षं हेच. दुसऱ्या कुणी तापलेल्या इंजिनाला हात लावून मत द्यायचं नाही, लावलाच तर बाबा नुसते बघतात आणि तेवढं पुरतं. कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडून मी इथे आले त्याला अडीच वर्षं झाली. पाना कसा धरायचा इथपासून सगळं त्यांनी शिकवलं. हे नाही. "हात शेवटी येतो," म्हणत राहिले.

आता येणार!

बुधवार, ५ मार्च

पाण्याची वाट लिहून काढते, म्हणजे डोक्यात बसेल.

पंप पाणी ढकलतो. ते इंजिनाभोवती फिरून तापतं. पुढे थर्मोस्टॅट, एक छोटी झडप, पाणी गार असताना बंद, तापलं की उघडी. तिथून वरच्या पाइपने रेडिएटरमध्ये. त्यातल्या बारीक नळ्यांतून जाताना वाऱ्यावर निवतं. वारा पुरला नाही तर पंखा लागतो. मग खालच्या पाइपने परत. वर झाकण, ते दाब धरून ठेवतं म्हणून पाणी लवकर उकळत नाही. आणि इंजिनाच्या डोक्याखाली गॅस्केट, फट बंद ठेवणारा पातळ पत्रा, ते फुटलं तर जळका वायू पाण्यात शिरतो.

सहा जण. त्यांतला एक खोटं बोलतोय.

गाडी जागेवर चालू ठेवली आणि पंख्यासमोर उकिडवी बसले. बारा मिनिटं. लागला! आपोआप, बरोबर वेळेवर. मी टाळी वाजवली. बाबा म्हणाले, पंखा लागला तर एवढं, गाडी बरी झाली तर काय करशील. पंखा निर्दोष.

मग त्यांनी रेडिएटरवर हात फिरवला. जाळीवरून, डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सावकाश. त्यांचा हात फिरताना बघायला मला लहानपणापासून आवडतं. "सगळीकडे सारखं," म्हणाले. मी वहीत लिहिलं: रेडिएटर ठीक. बाबांचा हात फिरला की तो भाग संपला.

दोन गेले, चार उरले. वर्गात कविता घेताना असंच करायचो. न बसणारे अर्थ एकेक करून बाजूला काढायचे. फक्त तिथे उरलेल्या अर्थाने नखं काळी होत नसत.

गुरुवार, ६ मार्च

झाकण! आतली स्प्रिंग बोटाने दाबली तर बसली, उठली नाही. रबराची कडा एका बाजूला चिरलेली. दाब धरणार कसं? दाब नाही म्हणजे पाणी आधीच उकळणार, राखीव बाटलीत पळणार, परत येणार नाही. तक्रार हीच! शब्दशः हीच!

नवं झाकण बसवलं. छोट्या चढावर बाबांनी फिरवून आणली. तळवा ठेवला. एक, दोन, तीन, चार, पाच. "ठीक."

मी हात मागितला नाही. डॉक्टर मोठ्या चढावरून सुखरूप येऊ देत, मग बघू.

शुक्रवार, ७ मार्च

दिवसभर गावात फिरली, तीन पट्ट्यांच्या वर नाही. झाकणच होतं!

शनिवार, ८ मार्च

झाकण नव्हतं.

डॉक्टर इंजिन बंद ठेवून डोंगर उतरल्या, गाडी नुसती गडगडत खाली आणली. वर एक गाय अडली होती. त्या पोचेपर्यंत गोठेवाल्याने वासरू ओढून काढलं होतं. जगलं. "नशीब वासराचं," म्हणाल्या. "तुमच्या गॅरेजचं त्यात काही नाही." रागावल्या नव्हत्या. ते जास्त लागलं.

बाबा गाडीभोवती एक फेरी मारून आत गेले. म्हणाले, "तुझी आहे ना ही?"

माझी आहे. झाकण खराब होतं हे खरं, पण गुन्हेगार ते नव्हे. साक्षीदार पकडला मी.

रविवार, ९ मार्च

गॅरेज बंद. थर्मोस्टॅट खिशात घालून घरी आणला. पाणी तापवून तो कितीला उघडतो ते बघायचं होतं. अडचण थर्मामीटरची. डॉक्टरांना फोन केला, तुमचा द्याल का. त्या म्हणाल्या, "देते, पण तो त्रेचाळीसपर्यंतच जातो. पुढे माझा रोगी नसतो." शेवटी शेजारच्या शाळेच्या प्रयोगशाळेतला आणला, शिपायाच्या हातापाया पडून.

आईच्या दुधाच्या पातेल्यात थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून सोडला. आई दारात कंबरेवर हात ठेवून उभी. सत्तर. पंचाहत्तर. ऐंशी. ब्याऐंशीला झडप हलली. हळूच उघडली, फुलासारखी, असं लिहिणार होते. नाही. झडपेसारखी. फार सुंदर दिसलं ते. मी ओरडले. आईला वाटलं भाजलं.

"झालं का? ते पातेलं आता गॅरेजात ने," आई म्हणाली. "आणि मला नवं आण."

बाबा बैठकीत पेपर वाचत होते. उघडला म्हटल्यावर मान हलवली. आईने चहा गाळला. ती पेला फडक्यात धरून देते, बाबा नुसत्या हाताने घेतात, स्टीलचा, काठोकाठ भरलेला, वाफाळता. आईचं ठरलेलं वाक्य: "यांचा हात म्हणजे सांडशी!" आम्ही ठरल्याप्रमाणे हसलो. बाबाही.

तीन उरले होते, दोन उरले. पंप आणि गॅस्केट. उद्या!

सोमवार, १० मार्च

गॅस्केट: झाकण काढून गाडी चालू ठेवली, पाण्याच्या तोंडाशी डोळा लावून बसले. बुडबुडा नाही. एकही नाही.

पंप: उघडला. पाती शाबूत, दांड्यावर घट्ट, मळ नाही. पुसून परत बसवला.

सहाही निर्दोष! गाडी दोषी!

दुसरं कुणी वैतागलं असतं. मला मजा येतेय, खरं सांगते. जेवताना पाण्याची वाट ताटात बोटाने काढत होते. आई म्हणाली, कॉलेजात असताना अशी नव्हतीस. नव्हते. तिथे एका ओळीचे चार अर्थ असले तरी संध्याकाळी सगळे घरी जायचे. इथे अर्थ एकच, आणि तो नाही सापडला तर एक बाई दगडावर बसून राहते.

सगळं पहिल्यापासून तपासायचं. कुठेतरी मी न बघता 'ठीक' लिहिलंय.

मंगळवार, ११ मार्च

सापडलं! सापडलं! सापडलं!

नीट लिहिते. दुपारी बाबा घरी पाठ टेकायला गेले होते. गाडी जागेवर चालू. पुन्हा पंख्याची वाट बघत मी टक लावून बसलेले. डॉक्टर आल्या, पालथ्या डब्यावर बसल्या, काय शोधताय म्हणून विचारलं. म्हटलं, ते माहीत असतं तर केव्हाच घरी गेले असते. त्या हसल्या आणि गाईंबद्दल सांगायला लागल्या. व्यालेली गाय अचानक बसते, उठत नाही. घरचे घाबरतात, डॉक्टरने मोठी तपासणी करावी अशी त्यांची अपेक्षा. या आधी जाऊन कान धरतात. कान गार लागले की अर्धं निदान झालं. बोलता बोलता, अगदी सहज, त्यांनी उलटा हात रेडिएटरच्या जाळीवरून फिरवला. थांबल्या. परत फिरवला.

"हा कोपरा गार आहे."

म्हटलं, वारा लागत असेल.

"मग तुम्ही बघा लावून."

मी आधी दाराकडे बघितलं. बाबा येत नाहीत ना! या वयात! मग हात लावला. वर चटका. मध्ये चटका. उजवीकडे खाली, भिंत. भिंतीसारखं गार. तेवढ्यात पंखा लागला. म्हणजे इंजिन पुरतं तापलेलं, आणि रेडिएटरचा एक तृतीयांश भाग त्या गावचाच नाही! नळ्या बुजलेल्या. पाणी तिकडे जातच नाही.

सगळं जुळतं! खाली गावात दोन तृतीयांश रेडिएटर पुरतो. मोठ्या चढावर, हळू चालताना, वारा कमी आणि आच जास्त, तेव्हा पुरत नाही. वीस मिनिटं जुळतात. तपकिरी गाळ जुळतो. गळती बुजवायला आधीच्या मालकाने पूड ओतली असणार, तीच नळ्यांत जाऊन बसली. मी डॉक्टरांना मिठी मारली. ग्रीसचे दोन्ही पंजे त्यांच्या पांढऱ्या कोटावर उमटले. त्या म्हणाल्या, असू दे, त्यावर याहून वाईट लागलेलं असतं.

चार वाजता.

वरचं वाचलं. एक गोष्ट लिहायची राहिली.

बुधवारी बाबांनी त्याच जाळीवरून हात फिरवला होता. सहा दिवसांत नळ्या बुजत नाहीत.

आणि 'सगळीकडे सारखं'! सारखं कसं असेल? पाणी आत शिरतं तिथे जास्त गरम, बाहेर पडतं तिथे कमी. चांगला रेडिएटरसुद्धा सारखा नसतो. हे मला त्यांनीच शिकवलंय. ते उत्तरच चुकीचं होतं आणि मी ते वाचलं नाही. नुसतं उतरवून घेतलं.

बुधवार, १२ मार्च

रेडिएटर उतरवला. उलटा धरून लाकडी ठोकणीने ठोकला. ओल्या भुशासारखा गाळ पडला, तोही थोडाच. बाकीचा आत दगड झालाय. हा कामातून गेला.

बाबांना सांगितलं की एक कोपरा बुजलाय. पुढे स्वतःच म्हटलं, परवा-तेरवा गाळ सरकला असेल, नाहीतर तुम्हाला लागलाच असता. हे मी बोलले. गाळ सरकत नाही.

ते रेडिएटर हातात घेऊन बघत राहिले.

"कुणाला कळलं?"

"डॉक्टरांना."

"कशाने?"

"हाताने."

"बरं," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. हात स्वच्छ होते.

नवा रेडिएटर मिळाला, थोडा मोठा, दुसऱ्या जातीच्या गाडीचा. पट्ट्या वाकवून बसवता येईल. फरक एवढाच की याचे दोन्ही पाइप एकाच बाजूला निघतात, शेजारी शेजारी. बसवताना गुणगुणत होते. आनंदाने, असं लिहिते. बऱ्याच अंशी खरं आहे.

गुरुवार, १३ मार्च

गाड्यांची वही काढली. प्रत्येक गाडीपुढे बाबा शेवटचा हात लिहितात. नुसता आकडा. तीन वर्षांपूर्वीचं पान: हात ५. हात ३, परत. हात ५. हात ४, परत. हात ५. महिन्याला दोन-तीन तरी 'परत'.

गेल्या मे महिन्यापासून: हात ५. हात ५. हात ५. हात ५.

दहा महिने. एकही परत नाही. आम्हाला वाटलं, गॅरेजचं काम सुधारलं. आई शेजारणींना सांगायची.

मला त्यांचा तळवा डोळ्यांसमोर येतो. पाचाला उठतो, चारला कधी नाही, सहाला कधी नाही. ते मोजत नव्हते. म्हणत होते.

आणि चाकं! ब्रेक घासतोय का, तेही तोच हात बघतो. या सगळ्या 'हात ५'वाल्यांना परत बोलवावं लागेल. एकेकाला. काय सांगून?

त्यांना माहीत आहे का? की त्यांनाही वाटतंय, काम सुधारलं?

शुक्रवार, १४ मार्च

आज मोठा चढ.

मी चालवत होते, डॉक्टर मागे औषधांची पेटी मांडीवर घेऊन. दहा मिनिटं: तीन पट्ट्या. पंधरा: तीन. विसाव्या मिनिटाला तो दगड आला. डॉक्टरांनी खांद्यावर थोपटून दाखवला, हा माझा! चौथी पट्टी लागली. पंखा लागला. मोजलं. तीस, चाळीस, पन्नास. चौथी गेली! परत तीन! पंखा बंद! मी चालत्या गाडीवर ओरडले, मागे डॉक्टर ओरडल्या, वळणावरच्या दोन शेळ्या रस्ता सोडून पळाल्या. "माझे रोगी आहेत ते," डॉक्टर म्हणाल्या, "जपून!" दगडापाशी थांबलोच नाही. शेवटच्या गोठ्यापर्यंत गेलो. ते वासरू बघितलं. पायांवर नीट उभं होतं.

अख्ख्या आयुष्यात इतकी हसले नसेन. ही गाडी मी बरी केली. म्हणजे डॉक्टरांनी. म्हणजे आम्ही.

परत आलो. इंजिन बंद केलं. बाबा पुढे आले. सवयीने. कबूल केलेलं त्यांच्या लक्षात नव्हतं, किंवा होतं. मी आठवण केली नाही. आठवडाभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते तोंडातून निघेना.

बाबा वाकले. दोन पाइप शेजारी शेजारी. तळवा टेकवला.

"एक."

चुकीच्या पाइपवर. हात वरच्या पाइपवर होता. इंजिनातून उकळत निघालेलं पाणी ज्यात असतं, त्याच्यावर. त्याच्यावर कुणाचा हात दोनापर्यंत टिकत नाही. टिकायचाच नसतो.

"दोन. तीन."

मी ओरडायला हवं होतं. मी त्यांच्याबरोबर मोजत राहिले. मनात. का, ते माहीत नाही. चारला तरी निघेल असं वाटत राहिलं.

"चार. पाच. ठीक."

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं आणि सरळ नळाखाली नेलं. तळवा लालभडक, मध्ये पांढरा. बाबा हाताकडे असे बघत होते, जणू कुणाचा तरी विसरलेला मोजा सापडलाय.

"अहो, सोडा. काही दुखत नाहीये," म्हणाले.

"काका," डॉक्टर म्हणाल्या, "तेच तर."

त्यांनी नळ बंद केला नाही. दहा मिनिटं तशाच धरून उभ्या. मग बाबा आत जाऊन खुर्चीत बसले, बांधलेला हात मांडीवर, तळवा वर.

जाताना डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की जनावर लंगडत असेल तर त्यांना बरं वाटतं. त्याला कळतंय, कुठे दुखतं ते. त्यांना भीती वाटते ती दुखऱ्या पायावर बिनधास्त उभ्या राहणाऱ्याची. म्हणाल्या, साखर तपासून घ्या. पाय बघा त्यांचे, रोज, तळवे सुद्धा. माणसांच्या डॉक्टरकडे न्या, माझ्याकडे नको. हसल्या नाहीत. मग गाडी सुरू करून गेल्या. आवाज छान येत होता.

बाबा डाव्या हाताने जेवले. आईने विचारलं, हाताला काय झालं? मी म्हटलं, पाइप. ती म्हणाली, सांडशीला कसं भाजलं? कुणी हसलं नाही. तिने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

उद्या बोलायचं. वाक्य तयार करते आहे. 'बाबा, तुमचा हात', खोडलं. 'बाबा, मला वाटतं की', खोडलं. 'वही बघितली मी', हे तर नकोच. त्यांनी अडीच वर्षांत मला एवढंच एक दिलं नव्हतं, आणि आता ते मागायचं म्हणजे हिसकावून घेणं. पण न मागून चालणार नाही. सोमवारी एका शाळेच्या शिक्षकाची गाडी येतेय, ब्रेकची.

शनिवार, १५ मार्च

सकाळी आईने बाबांपुढे चहा ठेवला. त्यांनी उचलला नाही. पेला डाव्या हाताच्या मागच्या बाजूने माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बघ, पिण्याजोगा झालाय का."

मी तळवा लावला. तीनला निघाला.

म्हटलं, "थांबा थोडं."

ते थांबले.